समुद्राचीं पुस्तकें आणि गोदाखोऱ्यांतील वाचक

परभणी जिल्ह्यांत पेडगांव म्हणून एक गांव आहे. भीमेकांठचें, बहादूरगडामुळें इतिहासांत गाजलेलें पेडगांव तें निराळें. हें गोदावरीच्या खोऱ्यांतील. येथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेनें सुमारें अडीचशें मैल दूर. या भागांत पडणारें पावसाचें पाणीदेखील त्या समुद्रास न मिळतां गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जातें. अशा गांवच्या वाचकाच्या हातीं दर्यावर्दी लोकांचें एखादें पुस्तक आलें, तर तो तें परक्या मुलुखांतील मौज म्हणून वाचतो. समुद्र कोंकणचा, आपला नव्हे, अशी घाटावरील माणसाची जुनी समजूत आहे. ती कितपत खरी आहे, याचा आज विचार करूं.

हिंदी महासागरावरील व्यापाराचें जें अत्यंत जुनें पुस्तक आज उपलब्ध आहे, तें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलें गेलें. त्याचें नांव ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणाऱ्या गलबतांची वाटाडी वही. लेखकाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. तो मिसर देशांत राहणारा व्यापारी असावा. कोणत्या बंदरांत काय विकतें, काय मिळतें, कोणत्या महिन्यांत शीड उभारावें, एवढेंच त्यास सांगावयाचें आहे. असें हें रूक्ष पुस्तक; पण भडोचच्या बंदराचें वर्णन करतां करतां तें एकदम आपल्या घरीं येतें. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नांवाचें फार मोठें शहर आहे, असें तें सांगतें. पैठणाहून अकीकासारखे दगड आणि तगराहून तऱ्हेतऱ्हेचें सुती कापड गाड्यांवर घालून, बिकट मुलुखांतून, भडोचला आणीत.

हें तगर कोठलें, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. देवगिरी, जुन्नर अशीं नांवें सुचविलीं गेलीं. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच तगर होय, असें प्रतिपादन केलें, आणि तें आज सर्वमान्य झालें आहे. १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, तेव्हां ती मूर्ति त्यापूर्वींच तेथें पोंचलेली असली पाहिजे. तिच्याशीं साम्य असलेली मूर्ति तेर येथेंही मिळाली आहे. पैठण आणि तेर हीं दोन्ही स्थळें पेडगांवापासून शंभर मैलांच्या आंत आहेत. म्हणजे रोमच्या जहाजांत भरला जाणारा माल आपल्याच शेजारच्या वाटांनीं जात होता.

याच पेरिप्लसमध्यें आणखी एक उल्लेख आहे. भडोचच्या खाडींत भरतीचा वेग भयंकर. परकें जहाज वाळूंत रुतून उलटावयाचें. म्हणून राजाच्या चाकरींतील तेथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढें जात आणि जहाजांस वाट दाखवून सुखरूप आंत आणीत. व्यापारी लेखकानें त्यांची एवढीच नोंद केली. त्यांची नांवें, त्यांचें भय, त्यांचें शौर्य यांचें त्यास काय होय?

तें सांगण्याचें काम कथेनें केलें. सातवाहनांच्या पदरीं असलेल्या गुणाढ्यानें पैशाची भाषेंत ‘बृहत्कथा’ रचली, असें परंपरा सांगते. मूळ ग्रंथ लुप्त झाला. पण त्यांतील कथा अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें ‘कथासरित्सागरां’त आणिल्या. त्यांत शक्तिदेव नांवाचा एक ब्राह्मण कनकपुरीच्या शोधार्थ समुद्रावर जातो. त्याचें जहाज फुटतें, त्यास प्रचंड मासा गिळतो, आणि तो मासा सत्यव्रत नांवाच्या निषादराजाच्या, म्हणजे कोळ्यांच्या मुख्याच्या, माणसांस सांपडतो. पुढें सत्यव्रत स्वतः त्यास नावेंत घेऊन निघतो. नाव भोंवऱ्यांत ओढली जाऊं लागतांच तो शक्तिदेवास वर लोंबणारी वडाची फांदी धरावयास सांगतो आणि आपण नावेसह बुडतो. पेरिप्लसनें कोळ्यास एक ओळ दिली. कथेनें त्यास नांव दिलें आणि मरण दिलें. एकांत हिशेब आहे, दुसरींत माणूस आहे. इतिहास जाणूं इच्छिणाऱ्यास दोन्ही वाचावीं लागतात.

मग हा समुद्र आपण विसरलों कसे? धर्मशास्त्रानें द्विजांचें समुद्रगमन कलिवर्ज्यांत घातलें, हें एक कारण खास. कथेंतला ब्राह्मण ज्या वाटेनें गेला, ती पोथीनें बंद केली. परंतु राज्यकर्त्यांची दृष्टि अगदींच मिटली नव्हती. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं रचिलेल्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजास आंबाफणसाचें लांकूड उपयोगी खरें. पण रयतेनें तीं झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून तीं बळानें तोडूं नयेत, जीर्ण झाड असेल तर धन्याच्या संतोषानें विकत घ्यावें, असें तेथें बजाविलें आहे. जहाज समुद्रावर तरंगतें, पण त्याचीं मुळें जमिनींत असतात, हें त्या मुत्सद्द्यानें ओळखिलें होतें. पुढें १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, आणि त्यांच्या पत्रांतून मराठी घरांत समुद्र पुन्हां वाचला जाऊं लागला. १९६५ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं हेमिंग्वे यांची कादंबरी ‘एका कोळियाने’ या नांवानें मराठींत आणिली, तेव्हां सत्यव्रताचा एक परदेशीं भाऊबंद आपणांस भेटला.

एक माणूस मात्र अद्यापि पुस्तकाबाहेर राहिला आहे. तेराहून भडोचपर्यंत महिनाभर बैल हांकणारा तो गाडीवान! पेरिप्लसमध्यें गाडीचा उल्लेख आहे, गाडीवानाचा नाहीं. कथेंत तर गाडीही नाहीं. त्यानें समुद्र पाहिला असेल तो भडोचच्या खाडीच्या चिखलापुरता. पण त्याच्या कापडावांचून तें जहाज रिकामें परतलें असतें. म्हणून पेडगांवच्या वाचकानें समुद्राचें पुस्तक उघडतांना पाहुण्याच्या संकोचानें उघडूं नये. त्यांतील माल कोठून आला, हें पान तो शोधूं लागला, तर जें व्यापाऱ्यानें लिहिलें नाहीं आणि कवीस सुचलें नाहीं, तें लिहिण्याची बुद्धि कदाचित् त्यालाच होईल.