दृष्टी आणि काळ

स्पर्शाने ओळखीचे असलेले घन व गोल जन्मांधास दृष्टी लाभताच केवळ पाहून ओळखता येतील काय, असा प्रश्न विल्यम मॉलिन्यू याने १६८८ मध्ये जॉन लॉक यास विचारला. १७२८ मध्ये चेझेल्डन या शल्यवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलास प्रथम आकारांतील भेद कळेना. याचे कारण मेंदूत शोधावे लागते, हे ह्यूबेल व वीझल यांच्या १९६३ मधील प्रयोगांनी स्पष्ट झाले. मांजराच्या पिलाचा एक डोळा आरंभीचे दोन-तीन महिने मिटून ठेवला असता मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातील फारच थोड्या पेशी त्यास प्रतिसाद देत. प्रौढ मांजरात मात्र असे घडले नाही.

तथापि हे द्वार पूर्णतः बंद होत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील पाच भारतीय मुलांना शस्त्रक्रियेनंतर मॉलिन्यूची कसोटी साधली नाही. परंतु ज्यांची पुन्हा परीक्षा झाली, त्यांना ती काही दिवसांतच साधू लागली. सूक्ष्म दृष्टी मात्र बहुधा उणीच राहते.

जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या करमाळ्यासारख्या तालुक्यात या इतिहासाचे मोल व्यावहारिक आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूच्या तपासणीचा समावेश आहे. अर्भकाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसताच जो काळ मोजावयाचा, तो वर्षांचा नव्हे, आठवड्यांचा होय.