संगमरवर आणि संहिता : हायरम पॉवर्सची ‘ग्रीक दासी’

शिल्प मुके असते आणि म्हणूनच ते स्वयंपूर्ण असते, ही समजूत रूपवादी समीक्षेने दीर्घकाळ जोपासली. एकोणिसाव्या शतकातील एका अत्यंत गाजलेल्या अमेरिकी शिल्पाचा इतिहास या समजुतीला छेद देणारा आहे.

हायरम पॉवर्स (१८०५–१८७३) याचा जन्म व्हरमाँटमधील वुडस्टॉकचा. सिनसिनाटीतील एका संग्रहालयात मेणाच्या आकृती घडविताना त्याने दान्तेच्या नरकाचा यांत्रिक देखावा उभा केला होता. परिचित कथेचा आधार मिळाला की प्रेक्षक आकृतीपाशी थांबतो, याचा अनुभव त्याच्या गाठी तेथेच जमा झाला. १८३७ मध्ये तो फ्लॉरेन्सला गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला.

‘ग्रीक दासी’चा मूळ नमुना १८४३ मध्ये सिद्ध झाला. नग्न तरुणी, मनगटांत साखळी, शेजारच्या खांबावर उतरविलेले वस्त्र, त्यावर क्रूस व लॉकेट : दृश्य चिन्हे एवढीच. उरलेला अर्थ शब्दांनी पुरविला. १८४७ पासून हे शिल्प अमेरिकेत फिरले, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेने ही तुर्कांनी पळवून बाजारात उभी केलेली ख्रिस्ती कन्या असल्याचे सांगितले. ऑर्व्हिल ड्यूई या धर्मोपदेशकाने तर तिचे पावित्र्य हेच तिचे वस्त्र ठरविले. अशा रीतीने नग्नता शिष्टसंमत झाली आणि गुलामगिरी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारापुरती सीमित राहिली. ज्या न्यू ऑर्लिन्समध्ये माणसांचे लिलाव होत, तेथेही हे शिल्प निर्वेधपणे पाहिले गेले.

परंतु एका संहितेने बंदिस्त केलेला अर्थ दुसरी संहिता मोकळा करू शकते. १८५० मध्ये एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने या शिल्पावर सुनीत लिहिले आणि त्यातील आरोपाचा रोख पश्चिमेकडेही वळविला. पुढल्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात शिल्प मांडले गेले, तेव्हा ‘पंच’ने जॉन टेनियलचे ‘व्हर्जिनियन दासी’ हे चित्र प्रसिद्ध केले. विल्यम वेल्स ब्राउन या गुलामगिरीतून निसटलेल्या लेखकाने ते चित्र प्रत्यक्ष शिल्पाशेजारी धरले आणि हीच तिची खरी जोडीदार असल्याचे जाहीर केले.

त्या वेळी विल्यम व एलेन क्राफ्ट हे दांपत्यही प्रदर्शनात होते. १८४८ मध्ये एलेन गोऱ्या मालकाचा पुरुषवेश घेऊन, पतीला नोकर म्हणवून, जॉर्जियातून निसटली होती. तिची गोरी कांती ‘मालक’ म्हणून वाचली गेली, यावरच तिची सुटका अवलंबून होती. शुभ्र संगमरवरातील बंदिनीसमोर ती उभी राहिली, तेव्हा गोरेपण आणि स्वातंत्र्य यांचा गृहीत धरलेला संबंधच प्रश्नांकित झाला.

पॉवर्सही या वाचनापासून सर्वथा अलिप्त राहिला नाही. अमेरिकेत गुलामगिरी रद्द झाल्यावर, १८६६ च्या प्रतीत त्याने शोभिवंत साखळीच्या जागी साध्या हातबेड्या घातल्या. बदल बोटभराचा, पण साखळी आता अलंकार उरली नाही.

कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरताना या शिल्पाचे स्मरण ठेवावयास हवे. त्याला स्वायत्त मानणारा प्रेक्षक वस्तुतः पुस्तिकेचेच वाचन करीत होता. शिल्पाकडे निरखून पाहिले ते चित्र हाती घेऊन आलेल्या, एकेकाळी विकल्या गेलेल्या वाचकाने.