तपासनिसाचा प्रश्न

शाळेला भेट देणे हा जिल्हा प्रशासनातील अधिकाऱ्याच्या दौऱ्याचा ठरलेला भाग असतो. सेवेच्या सुरुवातीच्या काळात, महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात, मीही अशी एक शाळा तपासली होती. चौथीच्या वर्गातील एका मुलाला धडा वाचावयास सांगितला. त्याने तो मोठ्या आवाजात, न अडखळता वाचला. मी सहज विचारले, "यातली म्हातारी बाजाराला का गेली होती?" मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावयास सुरुवात केली. त्याच्या घरची बोली वेगळी होती व पुस्तकाची भाषा वेगळी. मला पुढच्या गावी जायचे होते. शेरेबुकात मी लिहिले, "वाचन समाधानकारक."

तो शेरा खोटा नव्हता, पण खराही नव्हता. प्रशासन ज्याला वाचन म्हणत होते ते त्या मुलाला येत होते. आणि वाचन ज्यासाठी शिकायचे ते त्याला येत नव्हते. ही तफावत कुठून आली याचा शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की ती फार जुनी आहे, आणि तिची नोंद पहिल्यांदा एका जिल्हाधिकाऱ्यानेच करून ठेवली आहे.

मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी 1822 साली सर्व कलेक्टरांना देशी शाळांची माहिती पाठविण्यास फर्माविले. शाळा किती, विद्यार्थी किती, ते कोणत्या जातींचे, पुस्तके कोणती, फी किती, असे त्या चौकशीचे स्वरूप होते. 1826 पर्यंत आकडे गोळा झाले : सुमारे एक कोटी अठ्ठावीस लाख लोकवस्तीत 12,498 शाळा व 1,88,650 विद्यार्थी. समजेविषयीचा रकाना मात्र तक्त्यात नव्हता. असता तरी तो भरणार कसा?

परंतु बेल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी ऑगस्ट 1823 च्या अहवालात तक्त्याच्या पलीकडे जाऊन लिहिले. त्यांच्या जिल्ह्यात 533 शाळा होत्या : कानडीच्या 235, तेलुगूच्या 226, मराठीच्या 23, शिवाय संस्कृत, फारसी, तमिळ, आणि एक इंग्रजीची. मूल शाळेत आले की प्रथम वाळूवर बोटाने अक्षर गिरवीत असे, म्हणजे वाचन व लेखन यांचा आरंभ एकत्रच होई. पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. या काटकसरीच्या पद्धतीची कॅम्पबेल यांनी मनापासून प्रशंसा केली. मद्रासेत पाद्री अँड्र्यू बेल यांनीही धुळाक्षरांची रीत येथल्याच एका शाळेत पाहून उचलली होती. तिच्यासह मुलांनीच मुलांना शिकविण्याची पद्धत त्यांनी 1797 साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने मांडली आणि ती 'मद्रास पद्धती' या नावाने इंग्लंडभर गाजली.

प्रशंसेनंतर कॅम्पबेल यांनी जो दोष दाखविला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मुले जी काव्ये म्हणतात ती बोलीहून फार वेगळ्या अशा ग्रांथिक भाषेत आहेत. शेकडो श्लोक मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा अर्थ पढविलेल्या पोपटाइतकाच ठाऊक असतो, असा त्यांचा अभिप्राय होता. पाठांतराचा हेतूच मुळी उच्चार स्पष्ट व्हावा आणि कोणताही मजकूर झरझर वाचता यावा, हा होता.

मात्र त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पंतोजी निरनिराळ्या ठिकाणांहून खरी पत्रे व सरकारी कागद जमवून आणीत आणि मुलांना वेगवेगळ्या वळणांची हस्ताक्षरे लावावयास शिकवीत. साधी पत्रे लिहिणे, करारनाम्याचा मसुदा करणे हेही शिकविले जाई. म्हणजे एकाच शाळेत दोन प्रकारचे वाचन नांदत होते. श्लोक वाचताना अर्थाची गरज नव्हती. पत्र किंवा करार वाचताना अर्थाखेरीज दुसरे कामच नव्हते. आज ज्याला आपण आकलन आणि स्वतंत्र लेखन म्हणतो त्याचे बीज या दुसऱ्या प्रकारात होते.

पुढे शाळा सरकारी देखरेखीखाली आल्या तेव्हा यांपैकी कोणता प्रकार वाढला? 1854 च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत सुरू केली. इंग्लंडमध्ये 1862 पासून तपासनिसाच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या संख्येवर अनुदान बेतले जाऊ लागले. तीच कल्पना मुंबई व मद्रास इलाख्यांतही आली. 1882 च्या हंटर आयोगाने देशी प्राथमिक शाळांसाठी तिचाच पुरस्कार केला. याच आयोगापुढील निवेदनात महात्मा फुले यांनी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान अशा उपयोगी शिक्षणाची मागणी केली होती, हेही येथे आठवावे.

निकालावर पैसा देण्यामागचा हेतू वाईट नव्हता. जनतेच्या पैशाचा हिशेब हवा, हे कोणीही मान्य करील. अडचण मोजमापात होती. तपासनीस एका दिवसात सगळ्या शाळेची परीक्षा घेणार. इतक्या वेळात मुलाने नेमलेला उतारा वाचला की नाही व सांगितलेले वाक्य शुद्ध लिहिले की नाही, एवढेच पाहता येते. शिक्षकाचा पगार ज्यावर अवलंबून, तेच वर्गात घोटले जाणार. कवी मॅथ्यू अर्नोल्ड इंग्लंडमध्ये स्वतः शाळा-तपासनीस होते. चतुराईने तयारी करून घेतली तर मुलांना खऱ्या अर्थाने वाचता-लिहिता न येताही या परीक्षेतून पार करता येते, असे त्यांनी 1867 सालच्या सुमारास अहवालात नोंदविले. भारत सरकारने 1904 च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात या पद्धतीला निरोप दिला. अनुदानाचा नियम गेला, पण वर्गातील सवय राहिली. वाचन म्हणजे उतारा खणखणीत म्हणणे आणि लेखन म्हणजे फळ्यावरचे उतरवून घेणे, हे समीकरण कायम झाले.

या समीकरणाविरुद्ध मोठे पाऊल भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी उचलले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी मागतो आणि गोष्टींपासून आरंभ करतो. बदल वर्गात घडतो, पण त्यासाठी अधिकाऱ्याने वाट मोकळी करावी लागते, हे गिजुभाईंना पक्के ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर पहिले काम शाळा गावोगाव पोहोचविण्याचे होते आणि ते योग्यच होते. 1987 च्या 'खडू-फळा' योजनेने किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व साहित्य यांवर भर दिला. 1991 साली किमान अध्ययन क्षमता आल्या. 1993 साली प्रा. यशपाल समितीने मूळ दुखण्यावर बोट ठेवले : दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड आहे.

2005 पासून 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने प्रश्नच बदलला. शाळा किती हे न विचारता, घरी जाऊन मुलापुढे अक्षरे, शब्द, परिच्छेद व छोटी गोष्ट ठेवली. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 2018 मध्ये निम्म्याच्या आसपास होते. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर 2022 मध्ये ते 42.8 टक्क्यांवर आले, आणि 2024 मध्ये पुन्हा निम्म्याच्या जवळ गेले. या आकड्यांनी देशाला जागे केले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ही गोष्ट 'वाचता येणाऱ्या' मुलांतही माझ्या त्या चौथीतल्या मुलासारखे किती असतील, हा प्रश्न उरतोच.

उपाय माहीत नाहीत असे नाही. कर्नाटकात 1995 साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कलि' सुरू झाले. तमिळनाडूत 2003 साली सनदी अधिकारी एम. पी. विजयकुमार यांनी चेन्नई महापालिकेच्या मोजक्या शाळांत कृतियुक्त शिक्षण आणले व नंतर ते राज्यभर नेले. दोहोंची प्रेरणा ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील कार्डांची व पायऱ्यांची पद्धत. मूल आपल्या गतीने पुढे जाते आणि शिक्षक जमिनीवर त्याच्या शेजारी बसतो. एन.सी.ई.आर.टी.ने 2008 साली 'बरखा' ही चाळीस छोट्या हिंदी पुस्तकांची मालिका काढली, ती परीक्षेसाठी नव्हे, तर मुलांनी अर्थाच्या ओढीने वाचावे म्हणून.

जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर अनोळखी उतारा मिनिटाला किमान साठ शब्द या वेगाने, अर्थासह वाचता यावा, असे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी 2026-27 ही मुदत. यातील 'साठ शब्द' घड्याळाने मोजता येतात. 'अर्थासह' मोजायला मुलाशी बोलावे लागते. आढावा बैठकीत पहिलाच आकडा तेवढा येत राहिला, तर निकालावरील अनुदानाचा इतिहास नव्या नावाने पुन्हा घडेल.

म्हणून शाळेला भेट देणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पाठ्यपुस्तकातील धडा वाचून घेऊ नये. बरोबर नेलेला अनोळखी कागद द्यावा. एस.टी.चे वेळापत्रक, बियाण्याच्या पाकिटावरील सूचना, एखादे साधे पत्र, काहीही चालेल. बेल्लारीचे पंतोजी हेच करीत होते. वाचून झाल्यावर "का?" असा एक प्रश्न विचारावा आणि मुलाला त्याच्या घरच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे, कळले की नाही ते तिथेच दिसेल. तिसरे, वही मागताना सुंदर अक्षराची मागू नये. फळ्यावरून न उतरविलेले एक तरी पान दाखवा, असे म्हणावे. त्या पानावर चुका असतील. त्या लाल शाईने मोजू नयेत, मजकूर वाचावा.

एवढ्याने शिक्षण सुधारेल असा माझा दावा नाही. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, एकाच खोलीतील अनेक वर्ग, प्रशिक्षणाचा तुटवडा ही दुखणी स्वतंत्र आहेत. परंतु अधिकारी जे विचारतो ते पुढच्या भेटीपर्यंत वर्गात शिकविले जाते, हे दोनशे वर्षांत वारंवार दिसून आले आहे. प्रश्न बदलण्यासाठी शासननिर्णय लागत नाही की निधी लागत नाही.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. कधीतरी बँकेचा, जमिनीचा किंवा दवाखान्याचा कागद त्याच्यापुढे सहीसाठी आला असेल आणि त्याने तो अडखळता न अडखळता वाचलाही असेल. त्यात काय लिहिले आहे ते त्याला कोणी समजावून सांगितले असेल का, हा प्रश्न त्या शेऱ्याखाली सही करणाऱ्या मला आजही पडतो.