पर्जन्यजलाची शुद्धता : अमेरिकेतील नियमनाचा इतिहास

अमेरिकेतील नगर-अभियंत्यांनी दीर्घकाळ पर्जन्यजलाचा विचार मुख्यतः पूरनियंत्रणाच्या अंगाने केला आणि रस्त्यांवरचे पाणी त्वरेने नदीत सोडणे हेच पर्जन्यवाहिन्यांचे प्रयोजन मानले. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने कारखाने व सांडपाणी प्रकल्प यांसारख्या निश्चित उगमांतून होणाऱ्या विसर्गाला परवाना सक्तीचा केला. मात्र शहरभर विखुरलेले प्रदूषण व्यवहारात बहुतांशी अनियंत्रितच राहिले. १९७९ ते १९८३ दरम्यान झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत शहरी पर्जन्यजलाच्या बहुतेक नमुन्यांत तांबे, शिसे व जस्त आढळले. त्यानंतर १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९० च्या नियमांनी एक लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या, तर १९९९ च्या नियमांनी अनेक लहान नागरी क्षेत्रांच्या पर्जन्यवाहिन्या परवान्याच्या कक्षेत आणल्या. परिणामी अभियंत्याच्या कामाचे स्वरूपच पालटले : प्रथम प्रवाह, म्हणजे पावसाच्या आरंभी पृष्ठभागावरील घाण सोबत नेणारे पाणी, अडवणे, त्यातील गाळ तलावांत बसू देणे, ते माती व वनस्पतींच्या थरांतून गाळणे आणि वाहिन्यांतील बेकायदा सांडपाणी-जोडण्या शोधणे ही कामे जलवहनाच्या गणिताइतकीच महत्त्वाची ठरली.