ब्राउझर इतिहास

संगणक वा मोबाइलवरील ब्राउझरने ठेवलेली, भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद. मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ही नोंद ‘प्लेसेस’ या यंत्रणेकडे असते. २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३ पासून इतिहास व बुकमार्क ‘प्लेसेस.एस्क्यूलाइट’ या एकाच फाइलीत साठवले जातात. त्यातील एका तक्त्यात प्रत्येक पानाचा पत्ता, शीर्षक व भेटींची संख्या असते. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक भेटीची वेळ आणि प्रकार (दुव्यावरून, बुकमार्कवरून की पत्ता टंकून) नोंदला जातो. ही वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत मोजतात. भेटींची वारंवारता व ताजेपणा यांवरून प्रत्येक पानाला गुणांक मिळतो. पत्तापट्टीत अक्षरे टंकताच येणाऱ्या सूचनांचा क्रम ठरवताना तो उपयोगी पडतो.

नोंदी वाढल्यावर फायरफॉक्स जुन्या भेटी टप्प्याटप्प्याने काढून टाकतो. क्रोम ब्राउझरही एस्क्यूलाइट हीच डेटाबेस प्रणाली वापरतो. मात्र त्यात स्थानिक इतिहास साधारण ९० दिवसांनी पुसला जातो.

पूर्वी भेट दिलेल्या दुव्यांच्या बदललेल्या रंगावरून एखादे संकेतस्थळ वापरकर्त्याचा इतिहास ताडू शकत असे. त्यावर मोझिलाचे एल. डेव्हिड बॅरन यांनी २०१० मध्ये उपाय मांडला व इतर ब्राउझरांनीही तो स्वीकारला.

खासगी विंडोतील भेटी इतिहासात नोंदल्या जात नाहीत. तथापि इंटरनेट सेवा पुरवठादाराला वा कार्यालयीन नेटवर्कच्या व्यवस्थापकाला कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली हे कळू शकते.