संगणकजालातील जोडणीशोध

संगणकजालातील कोणता सर्व्हर कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडलेला आहे, हे जालावर देखरेख ठेवणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ठरविण्याच्या पद्धतीस जोडणीशोध म्हणतात. केबल डोळ्यांना दिसते, म्हणून हे काम सोपे असावे असा समज होतो. तथापि तिची दोन्ही टोके कोठे आहेत याची पूर्ण नोंद जालातील कोणतेही उपकरण सहसा स्वतःहून ठेवीत नाही. नकाशावर दिसणारी जोडणी हे बहुतेक वेळा वाहतुकीने मागे ठेवलेल्या खुणांवरून काढलेले अनुमान असते. बिघाडाच्या वेळी कोणता पोर्ट बंद करावयाचा हे याच अनुमानावर ठरत असल्याने चुकीची जोडणी ही न दाखविलेल्या जोडणीपेक्षा अधिक घातक ठरते.

इतिहास : रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो (कॅलिफोर्निया) येथील संशोधन केंद्रात १९७३ पासून विकसित केलेल्या ईथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच केबलवर असत; त्यामुळे पोर्ट शोधण्याचा प्रश्नच नव्हता. १९८० मध्ये डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या विनिर्देशात ४८ बिटांचा पत्ता आला. यालाच पुढे मॅक पत्ता हे नाव रूढ झाले. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता मिळविण्याचा एआरपी हा संकेत १९८२ मध्ये निघाला.

केबलचे दोन भाग जोडणारा सेतू ऐंशीच्या दशकात प्रचारात आला. आलेल्या संदेशाचा प्रेषक-पत्ता वाचून तो कोणत्या पोर्टवरून आला हे सेतू आपल्या कोष्टकात लिहून ठेवतो. पुढे संदेश कोठे सोडावयाचा एवढ्याचसाठी ही नोंद असते. देखरेख हा तिचा हेतू नव्हे. सेतूंच्या जोडण्यांत वर्तुळे राहू नयेत म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली वृक्षपद्धती १९९० च्या ८०२.१डी या मानकात अंतर्भूत झाली. अनेक पोर्टांचा सेतू म्हणजेच स्विच. कल्पना या अमेरिकन कंपनीने १९८९-९० च्या सुमारास ७ पोर्टांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव कंपनीस दिलेले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली.

उपकरणांतील कोष्टके दुरून वाचण्याची सोय एसएनएमपी या संकेताने १९८८ मध्ये केली. सेतूचे कोष्टक कोणत्या मांडणीत द्यावे हे १९९१ मध्ये ठरले व १९९३ मध्ये त्यात सुधारणा झाली. यानंतर राउटरकडून आयपी व मॅक पत्त्यांची जोडी आणि स्विचकडून मॅक पत्ता व पोर्ट यांची जोडी घेऊन दोहोंचा मेळ घालणे आज्ञावलीस शक्य झाले. बेल प्रयोगशाळेतील यूरी ब्राइटबार्ट व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये केवळ या कोष्टकांवरून जालाची रचना काढण्याची रीत मांडली. तीत कोष्टके पूर्ण असणे आवश्यक होते. प्रत्यक्षात ती क्वचितच पूर्ण असतात. अपुऱ्या कोष्टकांवरूनही रचना काढता येते, हे ब्रूस लोकॅम्प, डेव्हिड ओहॅलरन व टॉमस ग्रॉस यांनी २००१ मध्ये दाखविले.

दोष व निदान : आज्ञावली सर्व्हर व स्विच दोन्ही दाखविते, पण त्यांच्यामधील रेषा दाखवीत नाही, ही नेहमीची तक्रार होय. तिचे सर्वांत साधे कारण म्हणजे सर्व्हरचे मौन. स्विच आपली नोंद सामान्यतः ३०० सेकंदांनी पुसतो. राउटर मात्र आपली नोंद पुष्कळदा त्याहून बराच वेळ, सिस्कोच्या राउटरांत मुळात ४ तास, राखतो. त्यामुळे सर्व्हर आहे हे कळते, पण कोठे आहे ते कळत नाही. कोष्टक वाचण्यापूर्वी सर्व्हरकडे एखादा संदेश पाठवून त्यास उत्तर देण्यास लावले, तर नोंद ताजी होते.

दुसरे कारण आभासी जालांचे, म्हणजेच व्हीलॅनचे. ८०२.१क्यू हे त्यांचे मानक १९९८ चे. त्यास अनुरूप कोष्टकाची मांडणी १९९९ मध्ये आली. सिस्कोच्या अनेक स्विचांत जुनी मांडणी प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळी वाचावी लागे व परवलीच्या शब्दापुढे त्या व्हीलॅनचा क्रमांक जोडावा लागे. तसे न केल्यास पहिल्याच व्हीलॅनमधील पत्ते मिळतात व बाकीचे सर्व्हर अधांतरी राहतात. एका व्हीलॅनमधील सर्व जोडण्या दिसून दुसऱ्यातील एकही दिसत नसेल, तर दोष येथेच शोधावा.

कोष्टकातील पोर्टाचा क्रमांक व उपकरणाने त्याच पोर्टास अन्यत्र दिलेला क्रमांक एक असतातच असे नाही. त्यांची सांगड घालणारे तिसरे कोष्टक वाचावे लागते. ते रिकामे असल्यास पत्ता सापडूनही पोर्टाचे नाव लागत नाही. अनेक पोर्ट एकत्र बांधलेले असल्यास (८०२.३एडी, २०००) पत्ता त्या समुच्चयावर दिसतो, पोर्टावर नव्हे.

खरी अडचण गाळणीची आहे. एकाच सर्व्हरचा पत्ता वाटेवरील प्रत्येक स्विचमध्ये दिसतो. म्हणून ज्या पोर्टावर पुष्कळ पत्ते दिसतात तो दुसऱ्या स्विचकडे जाणारा समजून आज्ञावली वगळते. हा नियम एके काळी पुरेसा होता. एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालू लागल्यावर त्या यंत्राच्या पोर्टावरही अनेक पत्ते दिसू लागले आणि नेमके तेच सर्व्हर नकाशातून गळाले. पत्त्याच्या आरंभीच्या ००:५०:५६ यासारख्या खुणेवरून व्हीएमवेअरची आभासी यंत्रे पुष्कळदा ओळखता येतात. शेजारी स्विच नसल्याची खात्री करून पोर्ट वगळण्याची पत्तेसंख्येची मर्यादा वाढविणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

अनुमानाऐवजी प्रत्यक्ष कथनावर विसंबण्याचा मार्ग २००५ च्या ८०२.१एबी या मानकाने खुला केला. त्यातील एलएलडीपी या संकेतानुसार उपकरण दर ३० सेकंदांनी आपले नाव व पोर्ट शेजाऱ्यास कळविते. स्विचांत ही सोय सर्वत्र आढळते. सर्व्हरवर ती पुष्कळदा वेगळी बसवावी लागते. काही नेटवर्क कार्डे तर हे संदेश स्वतःच गिळून टाकतात व ते सर्व्हरच्या कार्यकारी प्रणालीपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा कार्डातील ती सोय बंद केल्यावर शेजारी दिसू लागतो. ज्या पोर्टावर एलएलडीपी बोलत नाही, तेथे आज्ञावलीस पुन्हा कोष्टकांकडेच वळावे लागते.