आफ्रिकी हत्ती : चारा, पाणी आणि वाटचाल

आफ्रिकेतील हत्तींच्या दोन जाती आहेत. सहाराच्या दक्षिणेकडील गवताळ मैदाने, विरळ वने आणि कोरड्या नद्यांचे काठ यांवर वावरतो तो सॅव्हाना हत्ती. काँगोच्या खोऱ्यातील वर्षावनांत राहणारा, अंगाने लहान आणि सरळ, खाली झुकलेल्या सुळ्यांचा तो वनहत्ती. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये दोहोंचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन केले, तेव्हा पहिला संकटग्रस्त आणि दुसरा अतिसंकटग्रस्त ठरला. तिळारीच्या खोऱ्यात उतरणारे आपल्याकडील हत्ती आशियाई असून त्यांची प्रजातीच निराळी आहे.

एवढा मोठा प्राणी केवळ झाडपाल्यावर जगतो. मात्र गाईम्हशींप्रमाणे तो रवंथ करीत नाही. चारा कुजवून पचविण्याची क्रिया त्याच्या पोटात नव्हे, तर मोठ्या आतड्यात घडते. ही व्यवस्था वेगवान असली तरी उधळी आहे. खाल्लेल्यापैकी निम्मा भाग न पचताच बाहेर पडतो. म्हणून प्रौढ हत्तीला रोज शंभर ते दीडशे किलो चारा लागतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ खाण्यातच जातो. उलटपक्षी, इतर प्राणी ज्याला तोंड लावणार नाहीत असे निकस खाद्यही त्याला चालते. मुबलक मिळाले म्हणजे झाले.

काय खायचे हे ऋतू ठरवितो. पावसानंतर कोवळे गवत उगवले की सॅव्हाना हत्ती त्यावर तुटून पडतो. गवत वाळून त्यातील सत्त्व गेले की तो पाने, डहाळ्या, साल आणि मुळे यांकडे वळतो. केनियातील सांबुरू येथे संशोधकांनी हा बदल शेपटीच्या केसांवरून वाचला. उष्ण प्रदेशातील गवत आणि झाडेझुडपे यांतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण भिन्न असते, आणि हळूहळू वाढणाऱ्या केसात त्याची नोंद उमटत जाते. एका लांब केसात अनेक महिन्यांची जणू भोजनवहीच सापडते. उन्हाळ्यात गोरखचिंचेवरही संकट येते. मांडूच्या परिसरात ज्यांनी हे पिंपासारखे वृक्ष पाहिले आहेत, त्यांना त्यांच्या ओलसर, तंतुमय गाभ्याची कल्पना असेल. हत्ती सुळ्यांनी खोड फाडून तो गाभा चघळतात. कधी झाडच कोसळते.

तरीही हत्ती कोठे चरेल, याचा शेवटचा निर्णय चाऱ्यापेक्षा पाण्याच्या हाती असतो. नर एकटे किंवा लहान टोळ्यांनी हिंडतात आणि पाण्यापासून दूर जाऊ शकतात. पिल्ले सोबत असलेल्या माद्यांना मात्र वरचेवर पाण्याकडे परतावे लागते. १९७०–७१ च्या दुष्काळात केनियातील त्सावो येथे या फरकाची किंमत दिसली. सुमारे सहा हजार हत्ती तेथे मेले, त्यांत माद्या आणि पिल्लेच अधिक. नद्यांना पाणी होते. ते मेले भुकेने. काठालगतचा चारा संपला होता आणि उरलेला चारा पिल्लांना घेऊन जाऊन परतण्याच्या टप्प्यात नव्हता. काही वर्षांपूर्वीच रिचर्ड लॉज या शास्त्रज्ञाने तेथील हत्तींची संख्या मारून कमी करावी असे सुचविले होते आणि उद्यानाचे प्रमुख डेव्हिड शेल्ड्रिक यांनी त्याला विरोध केला होता. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

मग पाणी सर्वत्र पुरविले तर? दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात कूपनलिका खोदून तेच करण्यात आले. परिणाम असा की पूर्वी कोरड्या ऋतूत ज्या भागांना विसावा मिळे, तेथेही हत्ती बारमाही चरू लागले. १९९० च्या दशकापासून यांतील अनेक पाणवठे बंद करण्यात आले. सहृदयतेने केलेली सोयही अधिवासाचे गणित बिघडवू शकते, हे व्यवस्थापकांना उशिरा उमगले. नामिबियाच्या वाळवंटातील हत्ती याच्या नेमके उलट जगतात. कोरड्या नदीपात्रांच्या वाटेने ते लांबवर चालतात, काही दिवस पाण्याविना काढतात आणि ॲना नावाच्या बाभूळवर्गीय वृक्षाच्या शेंगा खातात. हा वृक्ष पावसाळ्यात पाने गाळतो आणि उन्हाळ्यात हिरवा असतो. त्यामुळे ऐन टंचाईत तो उपयोगी पडतो.

वनहत्तीचे अन्न वेगळे : पाने आणि साल आहेच, पण त्याची खरी ओढ फळांची. मोठ्या बियांची फळे गिळून तो त्या कित्येक किलोमीटर दूर, शेणासकट पेरतो. क्षारांसाठी तो 'बाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनातील मोकळ्या पाणथळींवर जमतो. गॅबॉनमधील लोपे उद्यानात १९८६ पासून वृक्षांच्या फुलण्या-फळण्याच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. २०१८ पर्यंत तेथे पिकलेली फळे आढळण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. काही वृक्षांना बहरण्यासाठी थंड रात्री लागतात, आणि तेथील रात्री उबदार होत चालल्या आहेत. त्याच उद्यानातील २००८ नंतरच्या छायाचित्रांची तुलना केली असता वनहत्तींची अंगकाठी सुमारे ११ टक्क्यांनी खालावलेली आढळली. तेथे शिकाऱ्यांपासून हत्तीला संरक्षण आहे. फळांची उणीव मात्र कोणताही पहारा भरून काढू शकत नाही.